साखरेआधीचा गोडवा : खजूर, अंजीर आणि अबुल अला मअर्री

रमजान जवळ आला की बाजारात नव्या धाटणीची मिठाई दिसू लागते. खजुराचे लाडू, अंजिराच्या वड्या, सुक्यामेव्याचे रोल आणि डब्यावर ‘व्हेगन’, ‘नो शुगर’ असे शब्द. व्हेगन म्हणजे मांसच नव्हे तर दूध, तूप, अंडी, मध असे प्राण्यांपासून येणारे काहीही नसलेले. आपल्याकडे हा शब्द ऐकला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं आहेत, ही एक. मुसलमानांचा आणि अशा खाण्याचा काय संबंध, ही दुसरी. दुसरी प्रतिक्रिया इतर समाजांतून येते तशी आपल्यातूनही येते. मुसलमान म्हणजे मांसाहार, हे समीकरण दोन्हीकडे इतके पक्के झाले आहे की आपलाच इतिहास आपल्याला परका वाटू लागला आहे.

हा इतिहास साखरेपासून सुरू करू. उसापासून साखर करण्याची विद्या भारतातली. संस्कृतातली ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि तिथून युरोपात गेली. ‘खंड’चा ‘कंद’ झाला. ऊस इराण-इराकमध्ये रुजला, खुजिस्तानची साखर नावाजली गेली. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादमधल्या पाककृतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात साखरेची पक्वान्ने भरपूर आहेत. पण हा ग्रंथ खलिफा आणि अमीर-उमरावांच्या दस्तरखानाचा आहे. साखर महाग होती. सामान्य माणसाच्या घरातला गोडवा खजुराचा होता.

खजूर नुसता खाल्ला जायचा, तसाच त्याचा पाकही काढला जायचा. या पाकाला अरबीत ‘दिब्स’ म्हणतात. दिसायला तो आपल्या काकवीसारखा, काळसर आणि दाट. बहरीन, कतार, ओमान या भागांत उत्खननांमध्ये ‘मदबसा’ नावाच्या खोल्या सापडल्या आहेत. उतरत्या जमिनीवर एकमेकींना समांतर खाचा, त्यांवर खजुराने भरलेल्या झावळ्यांच्या पिशव्यांची थप्पी. वरच्या पिशव्यांच्या वजनाने आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने खालच्या खजुरातून रस पाझरायचा आणि खाचांमधून वाहत जमिनीत पुरलेल्या रांजणात जमा व्हायचा. कतारमधल्या अल-झुबारा या जुन्या व्यापारी शहरात अशा मदबसा आजही पाहता येतात. इराकी घरांत दिब्स आणि वाटलेले तीळ एकत्र करून भाकरीसोबत खातात. त्यात दूध नाही, तूप नाही, साखरेचा दाणा नाही आणि त्याला वेगळे नावही कोणी दिलेले नाही.

शामच्या भूमीत, म्हणजे आजच्या सीरियाच्या परिसरात, द्राक्षांचा दिब्स होतो. जर्दाळूचा गर पातळ पसरून उन्हात वाळवला की ‘कमरुद्दीन’ तयार होते. ते पाण्यात भिजवून केलेले सरबत तिथल्या इफ्तारची ओळख आहे. कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपली आंबापोळी आणि फणसपोळी याच रीतीने होते. फळ गोड असेल तर साखर घालावीच लागत नाही.

याच शामच्या भूमीत, मअर्रत अल-नोमान या गावात, 973 साली अबुल अला मअर्री जन्मला. लहानपणी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. तो अरबीतल्या सर्वश्रेष्ठ कवींपैकी एक. तरुणपणी बगदादला जाऊन आला आणि मग घरातच राहिला. आंधळेपण आणि घर अशा दोन तुरुंगांचा कैदी, असे तो स्वतःला म्हणवून घ्यायचा. त्याने मांस सोडलेच, पण दूध, अंडी आणि मधही सोडला. दूध पिलाच्या हक्काचे आहे आणि मध मधमाशीने स्वतःसाठी साठवलेला आहे, असे त्याचे म्हणणे. 1057 साली वारला तोवर, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्याचे जेवण मसूर आणि त्याची मिठाई अंजीर. ‘व्हेगन’ हा शब्द 1944 मधला आहे. त्याच्या नऊशे वर्षे आधी हा माणूस तसाच जगत होता.

त्याला जाब विचारणारेही होते. फातिमी दरबाराचा मोठा धर्मप्रचारक अल-मुअय्यद शिराझी याने पत्र लिहून विचारले, अल्लाहने हलाल केलेले तू का सोडलेस? त्यावर मअर्रीने उत्तर दिले. त्यात प्राण्यांच्या वेदनेचा विचार होता आणि आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचाही उल्लेख होता. हा वाद पत्रांतून झाला. मतभेद मोठा होता, तरी कोणी कोणावर हात उगारला नाही. 2013 साली मात्र सशस्त्र कट्टरपंथीयांनी त्याच्या गावातल्या त्याच्या पुतळ्याचे शिर उडवले. अकराव्या शतकाला जे पचले ते एकविसाव्या शतकाला पचले नाही.

उर्दू वाचणाऱ्यांना मअर्री भेटतो तो इक्बालच्या ‘बाल-ए-जिब्रील’ (1935) मधल्या कवितेत. मित्राने भाजलेला तितर पाठवला आणि मअर्री त्या पाखराशीच बोलू लागला, असा तो प्रसंग. इक्बालला त्यातून दुर्बळांना सामर्थ्याचा धडा द्यायचा होता, म्हणून करुणेचा धागा मागे पडतो. वर्गात ही कविता शिकवताना तो धागाही मुलांच्या हाती द्यायला हवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मअर्रीचा मार्ग त्याचा स्वतःचा होता. कुरआनात मधमाशीच्या नावाची सूरह आहे आणि मधात शिफा असल्याचे त्यात सांगितले आहे. अंजिराच्या नावाचीही सूरह आहे. सूरह मरियममध्ये प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या हजरत मरियमना ताज्या खजुराचा आधार मिळतो. या दस्तरखानावर मध, मांस आणि अंजीर सगळ्यांना जागा आहे. कोणी काय खावे हे सक्तीने ठरवण्याचा हक्क कोणालाच नाही. ना मांस खाणाऱ्याच्या ताटावर धाड घालणाऱ्याला, ना मांस न खाणाऱ्या मुसलमानाच्या ईमानावर शंका घेणाऱ्याला.

आता स्वयंपाकघरात येऊ. पाव किलो बिनबियांचा मऊ खजूर, आठ-दहा सुके अंजीर आणि वाटीभर तीळ घ्यावेत. अंजीर कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, पुसून बारीक चिरावेत. तीळ मंद आचेवर भाजून जाडसर कुटावेत. सगळे एकत्र मळून, हाताला तिळाचे तेल लावून लाडू वळावेत. दिब्स हवा असेल तर अर्धा किलो खजूर लिटरभर पाण्यात दोन तास भिजवून अर्धा तास उकळावा, फडक्यातून पिळून गाळावा आणि तो रस चमच्याला चिकटेपर्यंत मंद आचेवर आटवावा.

‘शुगर-फ्री’ या शब्दाला मात्र भुलू नये. खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. अख्ख्या फळात सोबत चोथा असतो, गाळलेल्या पाकात तोही उरत नाही. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावे. एका लाडवात समाधान मानणे हाच यातला आरोग्याचा भाग.

ईदच्या शीरखुर्म्याचे नाव पाहा. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. नावात साखर नाहीच. दूध न घेणारा पाहुणा घरी येणार असेल तर एक वाटी नारळाच्या दुधात, भरपूर खजूर घालून करावी. ईदच्या दिवशी कोणीही तोंड गोड न करता परत जाऊ नये.