टाळी आणि टीका

प्रेक्षकांनी दोष दाखविले असता नाटक मंडळीने काय करावे? त्यांचे म्हणणे मुकाट्याने मान्य करावे, की ‘तुम्हांस यातले काय कळते?’ म्हणून त्यांची बोळवण करावी? करमणुकीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकापुढे आजही हाच पेच उभा राहतो. सांगली आणि सातारा या दोन नगरांच्या नाट्येतिहासात त्याचे बरेचसे उत्तर सापडते, असे आम्हांस वाटते.

मराठी नाटकाचा जन्मच मुळी एका प्रेक्षकाच्या असमाधानातून झाला. 1842 साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांस त्यांतील ओबडधोबडपणा खटकला. परंतु नाके मुरडून ते स्वस्थ बसले नाहीत. आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस त्यांनी अशाच तऱ्हेचे, पण अधिक नेटके खेळ मराठीत रचण्यास सांगितले. 1843 साली झालेले ‘सीतास्वयंवर’ हे त्या सूचनेचे फळ होय. टीका करणाराने साधनेही पुरविली आणि करणाराने ती टीका कामाची आज्ञा मानली, असा योग विरळाच.

1851 साली आप्पासाहेब निवर्तले आणि मंडळीचा राजाश्रय सुटला. 1853 साली भाव्यांची मंडळी मुंबईस तिकिटे लावून खेळ करू लागली. ही घटना दिसावयास लहान, परंतु परिणामाने फार मोठी आहे. पूर्वी एका धन्याची मर्जी सांभाळली म्हणजे भागत असे. आता पैसे मोजून आत आलेला प्रत्येक जण धनी झाला, आणि या धन्यांचे आपसांत एकमत होण्याचा संभव नव्हता. सामान्य प्रेक्षक राक्षसांच्या आरोळ्यांवर खूष होता. तर इंग्रजी शिकलेली नवी पिढी त्याच खेळांस ‘अललडुर्र’ आणि ‘तागडथोम’ म्हणून हिणवू लागली. हिणवण्याने कोणाची कला सुधारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मात्र या पिढीने लौकरच हातात लेखणी घेतली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक 1861 साली प्रसिद्ध झाले, आणि टीकेला कृतीचे बळ मिळाले.

येथून आपण साताऱ्याकडे वळू. शाहूनगर हे साताऱ्याचे जुने नाव. त्याच नावाने 1881 च्या सुमारास तेथे शाहूनगरवासी नाटक मंडळी निघाली. या मंडळीतील नटांपाशी विद्यापीठाच्या पदव्या नव्हत्या. पण विद्वानांस दाराबाहेर न ठेवण्याचे शहाणपण तिच्यापाशी होते. सातारा जिल्ह्यातील टेंभू गावचे गोपाळ गणेश आगरकर यांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. तेथेही त्यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले होते. ते ‘विकारविलसित’ याच मंडळीने रंगभूमीवर गाजविले आणि गणपतराव जोशी यांचे नाव हॅम्लेटशी कायमचे जोडले गेले. फर्ग्युसन कॉलेजातील प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांची ‘त्राटिका’ही याच मंडळीची, आणि तिला त्यांचे मार्गदर्शनही लाभले. जो वर्ग बाहेर बसून नाटकवाल्यांस नावे ठेवीत होता, त्याच वर्गातील माणसांस मंडळीने आपल्या घरात मानाने बसविले. असे करण्यास अभिमान थोडा बाजूस ठेवावा लागतो. परंतु त्याचा मोबदला केवढा मिळाला!

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे उदाहरण याहून निराळे आहे. त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे 1893 चे गद्य नाटक. पुढे प्रेक्षकांस संगीताची गोडी लागली, तेव्हा 1916 साली त्यांनी त्याचेच ‘संशयकल्लोळ’ केले. पदे आली, पण संशयाची गुंफण ढिली पडली नाही. लोकांची आवड कोठवर ऐकावी आणि कोठे थांबावे, याची मर्यादा देवलांस पक्की ठाऊक होती.

ती मर्यादा सर्वांस साधली नाही. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचे मूळ गाव नागठाणे. ते आज सांगली जिल्ह्यात असले तरी पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. प्रेक्षकांस ते ‘मायबाप’ म्हणत, आणि त्या शब्दात दंभ नव्हता. परंतु मायबापांनी ‘वन्समोअर’ म्हणावे आणि लेकराने तेच पद पुन्हा पुन्हा आळवावे, असे चालले म्हणजे कथानक जागच्या जागी खोळंबे आणि खेळ पहाटेपर्यंत लांबे. गाण्यापायी नाटक बुडते, ही जाणत्यांची तक्रार रास्त होती. पण टाळ्यांच्या कडकडाटात ती कोणास ऐकू जावी? पुढे त्या वैभवास ओहोटी लागली, ती कर्जामुळे व बोलपटांमुळेही होय. सारा दोष टाळीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि जी टाळी कलावंतास जगविते, तीच त्याच्या कानावर पडदाही ओढू शकते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

टाळी क्षणात वाजते आणि सर्वांस ऐकू येते. टीका मात्र खेळ संपल्यावर, घरी परतताना, हलक्या आवाजात होते. म्हणून ती मुद्दाम कान देऊन ऐकावी लागते. आप्पासाहेबांसारखा प्रेक्षक आणि शाहूनगरवासीयांसारखी मंडळी यांची गाठ जेथे पडते, तेथे कला वाढते. प्रेक्षक म्हणून आम्हांवरही त्यातील अर्धा भार आहे, याचा विसर आम्ही पडू देऊ नये.