मुलींच्या कथा आणि वाचकांचा कौल

पुस्तकांचा इतिहास लिहिताना लेखक, प्रकाशक आणि आवृत्त्या यांची नोंद होते. वाचकांच्या मतांची क्वचितच होते. वास्तविक वाचक कशाने संतापला आणि कशाकडे त्याने काणाडोळा केला, यातून त्या काळाचे मन उघडे होते, असे आम्हांस वाटते. तरुण मुलींच्या जीवनावरील दोन पुस्तकांना मिळालेले अभिप्राय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिले पुस्तक आपल्या मराठीतले. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील मुली शिकलेल्या, बहुतेक अविवाहित, काही स्वतःच्या पगारावर घर चालवणाऱ्या. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे नावच पुरेसे बोलके आहे. मिळवत्या मुलीचे लग्न लांबले तर घराचे काही बिघडत नाही. बिघडते ते तिचे.

या पुस्तकावर मोठे वादळ उठले. सभा झाल्या, नियतकालिकांतून टीका झाली. कुलीन मुलींच्या मनात असले विचार येतातच कसे, असा सूर निघाला. लेखिकेचे नाव टोपण आहे हे कळताच प्रश्नच पालटला. मुली खरोखर अशा कोंडीत आहेत काय, हे विचारण्याऐवजी लिहिणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, यावर तर्क लढू लागले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीने वादात भरच घातली. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, म्हणजेच पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, हे नंतर सर्वांना कळले. त्या हिंगण्याला महर्षी कर्वे यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवलेल्या. त्यांच्या कथा रोजच्या सहवासातून आल्या होत्या.

या संग्रहानंतर तीस वर्षांनी, १९६३ साली, इंग्लंडात ‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’ ही कादंबरी निघाली. लेखिका म्युरिएल स्पार्क १९५४ साली कॅथलिक झाल्या होत्या. नावातच श्लेष आहे: बेताची ऐपत आणि सडपातळ अंगकाठी. काळ १९४५ चा, युरोपातील युद्ध संपल्यानंतरचा. स्थळ लंडनमधील नोकरदार मुलींचे वसतिगृह. अन्न मोजून मिळते, कपड्यांना कूपने लागतात, एकच भारी पोशाख मैत्रिणी आळीपाळीने नेसतात. हे सारे हसतखेळत सांगितले आहे. मग बागेत पुरलेला बॉम्ब फुटतो आणि वरच्या मजल्यावर मुली अडकतात. अरुंद खिडकीतून बारीक मुलीच तेवढ्या बाहेर पडू शकतात. त्यांतली एक परत आत शिरते. मैत्रिणीसाठी नव्हे, त्या पोशाखासाठी. धर्मगुरूची कन्या जोआना स्तोत्रे म्हणत प्राण सोडते. हे पाहणारा तरुण निकोलस पुढे मिशनरी होतो आणि हैतीत मारला जातो.

ही कादंबरी पुष्कळांनी उचलून धरली. पण लेखिका फार कोरडी आहे, मुलींच्या मरणाचीही थट्टा करते, अशी तक्रारही झाली. आम्हांस ती पटत नाही. दुष्टतेचे दर्शनही माणसाला देवाकडे वळवू शकते, हा या कादंबरीचा गाभा आहे. हसता हसता वाचक जिथे थबकतो, तिथेच तो त्याला सापडतो.

एका लेखिकेवर अतिभावनेचा आरोप, दुसरीवर भावनाशून्यतेचा. दोन्हीकडे न्यायनिवाडा झाला तो लेखिकेच्या स्वभावाचा. मुलींच्या तुटपुंज्या मिळकतीकडे, परक्या छताखालच्या त्यांच्या जिण्याकडे पाहायचे मात्र राहून गेले. आरसा दाखवणाऱ्याचा हात कसा आहे, यावर वाद घालणे सोपे असते.

आमच्या विसरवाडीहून आज मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी नवापूर, नंदुरबार, सुरतकडे जातात. त्यांचा पगार घरी येतो, धाकट्या भावंडांची फी भरली जाते, आणि आम्ही पालक त्यांचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु बाबांचा संसार सांभाळणाऱ्या लेकीला स्वतःचे काय हवे आहे, हे तिला कोणी विचारले काय? नव्वद वर्षांपूर्वीच्या वाचकांनी हा प्रश्न टाळला. आपल्या कुटुंबांनी तो टाळू नये.