गोळी थांबते तेव्हा: 'मॅक्स पेन', मुंबईचे स्टंट आणि वसईचं लोडशेडिंग

२००१च्या जुलैमध्ये 'मॅक्स पेन' हा कम्प्युटर गेम आला. गोळीबाराचे गेम त्याआधीही ढीगभर होते. यात नवीन होतं ते एवढंच की खेळणाऱ्याला वेळ हळू करता येत होता. एखाद्या दिशेला पळता पळता माऊसचं उजवं बटण दाबलं की काळ्या लेदर जॅकेटातला मॅक्स दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन आडवी उडी मारायचा. तो हवेत असताना सगळं संथ व्हायचं. समोरून येणाऱ्या गोळ्या डोळ्यांना दिसायच्या. तुमचा नेम मात्र नेहमीच्याच वेगाने फिरायचा. म्हणजे जग मंद आणि तुम्ही चपळ. दोन-तीन सेकंदांत खोलीतले चार गुंड आडवे आणि मॅक्स जमिनीवर.

पाठीमागून दिसणारा नायक आज बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही नवा नाही. ती आडवी उडी मात्र आजच्या मोबाइल गेममध्ये सहसा सापडत नाही. ती कुठून आली, आमच्या सांडोरपर्यंत कशी पोचली आणि जिथे पडद्यावरच्या मारामारीला शंभर वर्षं होत आली त्या मुंबईत असा गेम का घडला नाही, याची ही गोष्ट आहे.

हाँगकाँगहून फिनलंडला

मरणारा माणूस पडद्यावर सावकाश पडतो, ही युक्ती जुनी आहे. अकिरा कुरोसावाने ती १९५४च्या 'सेव्हन सामुराय'मध्ये वापरली. सॅम पेकिनपाने १९६९च्या 'द वाइल्ड बंच'मध्ये आख्खा गोळीबार तसा रचला. हाँगकाँगच्या जॉन वूने तिला नाचाचं रूप दिलं. 'अ बेटर टुमारो' (१९८६), 'द किलर' (१९८९) आणि 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) या सिनेमांत चाऊ युन-फॅट दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन जिन्यांवरून घसरतो, दारांतून झेपावतो. मग १९९९मध्ये 'द मॅट्रिक्स' आला. त्यात नायकाभोवती सुमारे १२० स्थिर कॅमेरे मांडून एकच क्षण सगळ्या बाजूंनी टिपला होता. मारामारी बसवायला हाँगकाँगहून युएन वू-पिंग यांना बोलावलं होतं.

'मॅक्स पेन'ने 'मॅट्रिक्स'ची नक्कल केली असं अनेकांना वाटतं. पण फिनलंडच्या रेमेडी कंपनीने या गेमची पहिली झलक १९९८मध्येच दाखवली होती, 'मॅट्रिक्स' यायच्या आधी. दोघांनीही उधारी एकाच दुकानातून केली होती, ते दुकान हाँगकाँगचं.

रेमेडीकडे पैसा बेताचा होता. मॅक्सचा चेहरा म्हणून नट घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून गेमचे लेखक सॅम लेक यांनी स्वतःचाच चेहरा दिला. मुख्य खलनायिकेसाठी त्यांची आई उभी राहिली. गोष्ट पुढे नेणारे सिनेमासारखे प्रसंग महाग पडतात, म्हणून कॉमिकसारखी पानं केली आणि त्यासाठी सहकाऱ्यांचे, मित्रांचे, घरच्यांचे फोटो काढले. न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या भिंती, गल्ल्या, दारं यांचे फोटो आणले आणि ते गेममधल्या शहरावर चढवले. या सगळ्याला काही वर्षं लागली. ही वर्षं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

ग्रँट रोडवरून सांडोरला

तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडायचं होतं. फोन मुंबईसारखे एमटीएनएलचे नव्हते, बीएसएनएलचे होते, आणि त्या तारेवरून आख्खा गेम उतरवायचा विचारही कुणी करत नसे. गेम यायचा तो लोकलने. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही कम्प्युटरच्या सामानाची बाजारपेठ. फास्ट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून चालत जायचं. कॉलेजला किंवा नोकरीला रोज तिकडे जाणारा कुणीतरी दादा प्रत्येक आळीत असायचाच. त्याच्या बॅगेतून सीडी यायची, तिच्यावर मार्करने नाव लिहिलेलं असायचं. एका सीडीवर पाच घरं खेळायची. ती अधिकृत नसायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

यात वसईचा म्हणून एक वेगळा भाग होता तो विजेचा. मुंबई शहराला वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आपल्याकडे राज्य वीज मंडळ आणि २००५पासून महावितरण. खाडीपलीकडे भाईंदरला मुंबईच्याच कंपनीची वीज. त्या वर्षांत राज्यभर भारनियमन सुरू होतं, मुंबई त्यातून सुटलेली होती. नायगावच्या खाडीवर उभं राहिलं की हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळायचा: पलीकडे दिवे, अलीकडे काळोख. सांडोरला कितीतरी घरांत संध्याकाळची रोजरी मेणबत्तीच्या उजेडात व्हायची.

गेम खेळणाऱ्याला याचा अर्थ असा होता की वीज कधीही जाणार. 'मॅक्स पेन'मध्ये एफ-५ दाबलं की खेळ त्या जागी साठवला जायचा आणि एफ-९ दाबलं की तिथून पुन्हा सुरू व्हायचा. फिनलंडच्या लोकांनी ही सोय अवघड गोळीबारासाठी केली होती. आम्ही ती लोडशेडिंगसाठी वापरली. दर अर्ध्या मिनिटाला एफ-५. मॅक्स मेला की एफ-९. शेजारी भाजी निवडत बसलेल्या आईला हा माणूस दर दोन मिनिटांनी मरतो आणि परत उठतो याचं फार नवल वाटायचं. "मेला का परत?" एवढंच ती विचारायची.

जिथे एफ-९ नसतं

आईचा प्रश्न गंमतीचा होता. पण पडद्यावरच्या मारामारीचा मुंबईतला इतिहास पाहिला की तो वेगळा ऐकू येतो.

आपल्या सिनेमातल्या स्टंटची सुरुवात मराठी माणसांशी जोडलेली आहे. मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले आणि मूकपटांच्या काळात तलवारबाजी, उड्या, घोडदौड यांच्या जोरावर स्टार झाले. लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१मध्ये पहिल्या बोलपटाचे, 'आलम आरा'चे, नायक तेच होते. गंमत अशी की त्यांचं हिंदी-उर्दू बोलणं जमेना, म्हणून बोलपटाच्या नायकाला बराच वेळ न बोलता ठेवावं लागलं. अंगाची भाषा त्यांना येत होती, तोंडाची नव्हती. पुढे १९३५च्या 'हंटरवाली'ने नाडियाला घराघरांत नेलं. गिरणगावात वाढलेल्या भगवान पालव, म्हणजे भगवानदादांनी 'अलबेला'च्या आधी कामगार प्रेक्षकांसाठी कमी पैशांत स्टंटपट काढले.

याच इतिहासात जखमाही आहेत. १९४२मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड ललिता पवारांना इतक्या जोरात लागली की चेहऱ्याला लकवा झाला, काही वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका गेल्या. आपण त्यांना खाष्ट सासू म्हणून ओळखतो, त्यामागे ती एक थप्पड आहे. १९७५च्या 'शोले'मध्ये हेमा मालिनीच्या जागी टांगा हाकणाऱ्या रेश्मा पठाण टांगा उलटून जखमी झाल्या. पनवेलजवळ चित्रित झालेल्या त्यातल्या रेल्वेच्या मारामारीला सात आठवडे लागले आणि ब्रिटनहून स्टंटतज्ज्ञ बोलावले होते. मुंबईत स्टंट कलाकारांची संघटना १९५९पासून आहे. तरी सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला त्यांतलं एकही नाव सांगता येत नाही. चेहरा दिसू नये हेच तर डुप्लिकेटचं काम.

आता 'कुली' आठवा. २६ जुलै १९८२ला बंगळुरूमध्ये मारामारीचा प्रसंग करताना अमिताभ बच्चनच्या पोटाला जबर मार बसला आणि ते मरणाच्या दारातून परतले. १९८३मध्ये सिनेमा लागला तेव्हा दिग्दर्शक मनमोहन देसाईंनी नेमक्या त्या ठोशावर चित्र गोठवलं आणि पडद्यावर मजकूर आणला की इथेच दुखापत झाली. मूळ गोष्टीत नायक शेवटी मरणार होता, तेही बदलून त्याला जगवलं. 'मॅक्स पेन'च्या १८ वर्षं आधी हिंदी सिनेमाने मारामारीतला एक क्षण असा थांबवला होता. फरक एवढाच की मॅक्सचा क्षण थांबतो तो मारण्याचं सौंदर्य दिसावं म्हणून. 'कुली'चा क्षण थांबतो तो मार खरा आहे हे कळावं म्हणून.

मला वाटतं, या गेमचं वेड का लागतं याचं उत्तर इथेच आहे. सिनेमात उडी दुसरा कुणीतरी मारतो, चेहरा तिसऱ्याचा असतो आणि आपण खुर्चीत असतो. गेममध्ये आपण डुप्लिकेटच्या जागी जातो. वेळ केव्हा हळू करायचा, कोणत्या खांबाआडून झेपावायचं, हे आपण ठरवतो. म्हणजे फाइट मास्टरही आपणच. फक्त हाड मोडत नाही.

पोस्टरसोबत आलेले गेम

एवढी परंपरा असलेल्या सिनेमावरून गेम झालेच नाहीत असं नाही. २००८च्या नाताळात हिंदी 'गजनी' आला आणि त्यासोबत 'गजनी: द गेम' हा पीसी गेम. हैदराबादच्या एफएक्सलॅब्जने केलेला, पाच टप्प्यांचा, नायक पाठीमागून दिसणारा. भारतीय सिनेमावरचा पहिला खरा थ्रीडी पीसी गेम अशी त्याची जाहिरात झाली. २०११च्या 'रा.वन'वर मुंबईच्या ट्राइन कंपनीने प्लेस्टेशनसाठी गेम केला. 'डॉन २' हा सिनेमाही २०११चाच, त्याचा प्लेस्टेशन-२वरचा गेम आला २०१३मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत सोनीने प्लेस्टेशन-२चं उत्पादन थांबल्याचं जाहीर केलं होतं.

यांतला एकही गेम आज कुणी आवडीने काढून खेळत नाही. करणारे अडाणी होते म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे तारीख होती. सिनेमाचा गेम पोस्टर, टी-शर्ट, रिंगटोन यांच्या रांगेत उभा असतो. सिनेमा लागला त्या आठवड्यात तो हवा, नाहीतर त्याला अर्थ नाही. उडी मारताना अंग किती वाकावं, वेळ किती मंदावावा, गोळी लागल्यावर माणूस कसा कोसळावा, हे पुन्हा पुन्हा करून पाहायलाच रेमेडीची ती वर्षं गेली होती. 'शोले'च्या रेल्वेला सात आठवडे मिळाले होते, तसेच.

सिनेमावरून चांगला गेम होऊच शकत नाही असंही नाही. २००७मध्ये शिकागोच्या मिडवेने 'स्ट्रँगलहोल्ड' काढला. जॉन वू स्वतः त्यात होते, चाऊ युन-फॅट 'हार्ड बॉइल्ड'मधल्या इन्स्पेक्टर टकीलाच्या रूपात परतले. जुन्या सिनेमाची नक्कल न करता त्यांनी त्याची पुढची गोष्ट सांगितली. पण २००९मध्ये मिडवेचंच दिवाळं निघालं. चांगला गेम केला म्हणून कंपनी तरतेच असं नाही.

सगळ्यांचं घड्याळ एकच

मग ही उडी आज मोबाइलवर का नाही? कारण तांत्रिक आहे आणि समजायला सोपं आहे. बीजीएमआयच्या एका सामन्यात शंभर जण असतात. तुमच्यासाठी वेळ हळू केला तर उरलेल्या ९९ जणांचाही हळू होणार. सर्व्हरचं घड्याळ एकच असतं. २०१२च्या 'मॅक्स पेन ३'ने यातून वाट काढली: ऑनलाइन खेळात तुमच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्यांचाच वेळ मंदावायचा. तो मार्ग फारसा कुणी पुढे नेला नाही. पबजीची कल्पनाही सिनेमातूनच आली होती, २०००च्या 'बॅटल रॉयल' या जपानी सिनेमातून. त्या सिनेमातून बेटावरची जीवघेणी स्पर्धा आली, हाँगकाँगची ती उडी मात्र मागे राहिली.

ऑनलाइन खेळात माणसं भेटतात, दोस्ती होते, गावातल्या पोरांची टीम होते, हे सगळं खरं आहे. पण आपला असा एक संथ क्षण तिथे मिळत नाही. विरारची लोकल पकडणाऱ्यांच्या तालुक्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

वसईच्या किल्ल्यात २०१५-१६च्या सुमाराला कोल्डप्लेने गाण्याचं शूटिंग केलं. नायगावला मालिकांचे सेट उभे आहेत, तिथे पडणारी, धडकणारी, दोरीला लटकणारी माणसं याच गाड्यांतून प्रवास करतात. १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून फोडलेली तटबंदी फोटो काढायला मोकळी आहे. गेम बनवायची साधनं आज साध्या लॅपटॉपवर चालतात. सॅम लेककडे याहून जास्त काही नव्हतं: आपलं तोंड, आईचा फोटो, एका शहराच्या भिंती आणि पोस्टरची तारीख अंगावर न येणारी काही वर्षं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी सांडोरमध्ये आजही मिळतील. चौथी कुणीतरी द्यावी लागेल. आणि असा गेम कुणी केलाच, तर शेवटच्या नामावलीत त्या उड्या ज्यांच्याकडून शिकल्या त्या स्टंटवाल्यांची नावं आधी यावीत.