तळटीप : ‘पासबुक त्यांच्याकडेच असतं’

मूळ मजकुरातली गुढियारी ही रायपूर स्टेशनामागची, किराण्याच्या ठोक बाजाराची वस्ती. छत्तीसगडच्या महतारी वंदन योजनेचे महिना १००० रुपये मार्च २०२४ पासून पात्र विवाहितांच्या थेट खात्यात येतात. पण पासबुक आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल, तर पैसे नावापुरतेच तिचे. हक्काचा पैसा अडवणे, घरखर्चाला न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे याला कौटुंबिक हिंसाचार कायदा (२००५), कलम ३, ‘आर्थिक छळ’ म्हणतो. कलम २० खाली मॅजिस्ट्रेट निर्वाहखर्च द्यायला लावू शकतात. मूळ मजकुरातली निवेदिका पुढे डॉक्टरांना झोप उडाल्याचे, छाती धडधडल्याचे सांगते. डॉक्टर गोळी लिहून देतात. कोथिंबिरीच्या जुडीचाही हिशेब नवऱ्याला द्यावा लागतो का, हे मात्र विचारत नाहीत.