पहिल्या नेमणुकीचा इतिहास

नोकरीचा प्रश्न आपल्या समाजाच्या नावातच गुंफलेला आहे. मुंबई, साष्टी व वसई भागांतील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी २६ मे १८८७ रोजी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. ते वर्ष व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे होते. गोवा आणि मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांशी सरकारी कचेऱ्यांत स्पर्धा होऊ लागली होती. आपण येथलेच, कंपनी सरकारच्या काळापासून चाकरीत असलेले, हे पटवून देण्यासाठी आपल्या पूर्वजांनी ते नाव धारण केले. चाकरी मिळविण्यासाठी नाव बदलणारा समाज पहिल्या नोकरीचे मोल जाणतो, असे आम्ही मानतो.

आज हाच प्रश्न आपल्या मुलींपुढे वेगळ्या रूपाने उभा आहे. मढ, भाटी, एरंगळ या गावांत समुद्र आणि चर्च यांचा सहवास जुना आहे. एरंगळचे संत बोनाव्हेंचरचे मंदिर १५७५ सालचे. आई मासळीची पाटी घेऊन बाजार गाठते आणि मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते, हे दृश्य या किनाऱ्यावर आता नवे राहिलेले नाही. शिक्षण पुरे होते, परिषदेकडे नोंदणी होते आणि मग तरीतून वेसावे किंवा रस्त्याने मालाड गाठून इस्पितळांचे उंबरे झिजविणे सुरू होते. प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: “अनुभव किती?” हा प्रश्न पूर्वी नव्हता. तो कोठून आला, हे इतिहासात शोधावे लागते.

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या दानातून उभे राहिलेले स्त्रियांचे कामा रुग्णालय १८८६ साली उघडले. तेथे डॉ. एडिथ पीची यांनी काम केले व परिचारिकांच्या शिक्षणालाही त्याच काळात आरंभ झाला. १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणासाठी आल्या. परिचर्येच्या इतिहासात पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पाच वर्षांनी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी तो ओळखला. घाबरलेल्या गावांनी वेशीवर क्रूस उभारले. मुंबईच्या गावठाणांत ते प्लेगचे क्रूस आजही दिसतात. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगने एक सत्य उघडे केले. डॉक्टर नाडी पाहून निघून जातो. रात्रभर रोग्यापाशी बसणारे माणूस वेगळेच लागते आणि ते शिकलेले असावे लागते.

तथापि परक्याच्या देहाची सेवा हे काम प्रतिष्ठितांना हलके वाटे. त्यामुळे त्यात प्रथम शिरल्या त्या बहुधा ख्रिस्ती मुली आणि निराधार विधवा. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले व तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यास धाडले, तेव्हा त्यांना लोकनिंदा सोसावी लागली.

या जुन्या व्यवस्थेत शिक्षण आणि नोकरी या दोन गोष्टी नव्हत्याच. मुलगी रुग्णालयात शिकाऊ म्हणून दाखल होई, पहिल्या दिवसापासून वॉर्डात राबे, वसतिगृहात राही व थोडा विद्यावेतनाचा पैसा घेई. कष्ट अपार होते आणि मेट्रनची शिस्त कडक होती. परंतु शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला अनुभव विचारण्याचे कोणास कारण नव्हते. शिवाय परिचारिकांचा दुष्काळ होता. १९४६ च्या भोर समितीने सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण नोंदविले होते.

ख्रिस्तसभेचीही या इतिहासात एक तारीख आहे. धर्मभगिनींनी वैद्यकी व प्रसूतिशास्त्र यांपासून दूर राहावे, असा दंडक दीर्घकाळ होता. रोमच्या धर्मप्रसार परिषदेने ११ फेब्रुवारी १९३६ रोजी तो सैल केला. त्यामागे डॉ. अ‍ॅना डेंगेल यांच्यासारख्या स्त्रियांचा आग्रह होता. पडद्याआडच्या स्त्रिया वैद्यकीय साहाय्याविना मरताना त्यांनी रावळपिंडीत पाहिल्या होत्या. १९४३ साली गुंटूरला डॉ. मेरी ग्लोरी या धर्मभगिनीच्या पुढाकाराने कॅथोलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. पुढे वांद्रे, अंधेरी येथे धर्मभगिनींची रुग्णालये उभी राहिली आणि आपल्या कित्येक मुलींनी तेथे पहिली पांढरी टोपी घातली.

नंतर चित्र पालटले. परिचर्येला विद्यापीठाची पदवी लाभली. मुंबईत एसएनडीटीचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. हे इष्टच झाले. परंतु पुढील काळात खासगी संस्था वाढल्या, शुल्क चढले आणि शिक्षण रुग्णालयाच्या नोकरीपासून सुटले. जुन्या व्यवस्थेतील आधार गेला, बंधन मात्र उरले. ठरावीक वर्षे सोडून जाणार नाही असा बाँड लिहून घेणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे, असे प्रकार रूढ झाले. २०११ साली देशभर परिचारिकांनी आवाज उठविला आणि भारतीय परिचर्या परिषदेने बाँड हे शोषण ठरविले. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. लहानात लहान रुग्णालयातही दरमहा वीस हजारांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारस आणि पगारपत्रक यांत मात्र अजून अंतर आहे.

या इतिहासातून आम्हांला एवढे दिसते की अनुभव ही मुलीने घरून आणावयाची वस्तू नव्हे. तो कोणीतरी द्यावा लागतो. पूर्वी रुग्णालये तो देत आणि त्याबदली श्रम घेत. आज श्रम हवेत पण शिकविण्याची जबाबदारी नको, असे म्हणता येणार नाही. नव्या परिचारिकेला सहा महिने जाणत्या सिस्टरच्या हाताखाली, पूर्ण वेतनावर ठेवणे हा उपकार नसून रोग्याच्या सुरक्षिततेचा भाग आहे. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयांनी याबाबत इतरांच्या पुढे असावे, अशी आमची अपेक्षा आहे.

धर्मग्रामांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. निवृत्त परिचारिका जवळजवळ प्रत्येक गावठाणात आहेत. नेमणुकीचे पत्र कसे वाचावे, मूळ प्रमाणपत्र हातचे का सोडू नये, रात्रपाळी सुटल्यावर तर नसेल तर राहण्याची सोय कोठे, हे त्या मुलींना सांगू शकतील. एखाद्या रविवारी मिस्सानंतर तासभर त्यांना बसविले, तरी आरंभ होईल. १८८७ साली समाजाने आपल्या मुलग्यांच्या चाकरीसाठी संघटना उभारली. मुलींसाठी निदान एक बाक तरी मांडावा.