गुणधर्म आणि त्यावरील अधिकार : संगणक-भाषेच्या इतिहासातील एक प्रकरण



किल्लारीच्या माणसाला नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने गाव जमीनदोस्त झाले. पुढे पुनर्वसनातील घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : भूमिहीन वा एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांस २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरांस ४००, व त्याहून अधिक असल्यास ७५०. जमिनीच्या नोंदीतील एका आकड्यावर एवढे अवलंबून होते. मग तो आकडा कोणी पाहावा, कोणी बदलावा, कोणी खोडावा? संगणकाच्या भाषा घडविणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.

१९६७ साली नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा सिद्ध केली. माहिती आणि त्या माहितीवरील क्रिया एकत्र बांधून ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे वस्तू करावी, ही कल्पना तिने रूढ केली. परंतु वस्तूचे गुणधर्म आरंभी बाहेरच्यांसही खुले होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘स्मॉलटॉक’ने दार लावले : दुसऱ्याच्या पोटातील माहितीला हात लावावयाचा नाही, निरोप पाठवून विनंती करावयाची.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी ‘जावास्क्रिप्ट’ केवळ दहा दिवसांत उभी केली. तिच्यात आपण केलेल्या वस्तूचे गुणधर्म कोणीही बदलावेत वा पुसावेत, अशी मोकळीक होती. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीने ‘डिफाइन-प्रॉपर्टी’ ही सोय देऊन ही उणीव भरून काढली. आता प्रत्येक गुणधर्मासोबत तीन गोष्टी सांगता येऊ लागल्या : मूल्य बदलता येईल काय, यादीत ते दिसेल काय, आणि हे नियमच पुढे बदलता येतील काय. या मार्गाने नवा गुणधर्म करताना जे स्पष्टपणे खुले म्हटले नाही, ते बंद समजले जाते. शिवाय घराच्या क्षेत्रफळासारखे मूल्य साठवून न ठेवता, विचारल्याक्षणी जमिनीवरून काढून देण्याचीही व्यवस्था झाली.

विद्यार्थी मित्रहो, येथे दोन बाबी ध्यानी ठेवा. संपूर्ण वस्तू ‘फ्रीज’ केली, तरी तिच्या आत ठेवलेली दुसरी वस्तू खुलीच राहते. कपाटाला कुलूप घातले म्हणून आतील पेटीला ते लागत नाही. दुसरे असे की, बंद गुणधर्म बदलू पाहिल्यास भाषेच्या साध्या रीतीत तो प्रयत्न मुकाट्याने वाया जातो. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे कडक रीतीत मात्र चूक तात्काळ कळते. म्हणून कडक रीतच पत्करावी.

पालकहो, कुलूप खऱ्या नोंदीचे रक्षण करते, तसेच चुकीच्या नोंदीचेही करते. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नाव व जन्मतारीख शिक्षण खात्याच्या मंजुरीवाचून बदलता येत नाही, आणि हे योग्यच आहे. परंतु आपल्याकडे एकच नाव उर्दूतून मराठीत व इंग्रजीत येताना तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि त्याची झळ दाखला, शिष्यवृत्ती व नोकरीच्या वेळी मुलांना लागते. प्रवेशाच्या दिवशीच ती नोंद अक्षर न् अक्षर वाचून पाहा. संगणक असो वा रजिस्टर, कुलूप घालण्यापूर्वी आत काय ठेवले आहे हे तपासणे माणसाच्याच हाती आहे.