पी. टी. उषा : एकशतांश सेकंदाच्या पलीकडे

पुरुषांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये १९०० सालीच पॅरिसला धावली गेली होती. महिलांना मात्र त्यासाठी १९८४ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपर्यंत थांबावे लागले. एका संपूर्ण फेरीत ७६.२ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे, पहिला प्रारंभरेषेपासून ४५ मीटरवर आणि पुढचे प्रत्येकी ३५ मीटरवर, अशी या शर्यतीची रचना असल्यामुळे तिच्यात केवळ वेग पुरत नाही. दोन अडथळ्यांमधील पावलांची संख्या ठरवून घ्यावी लागते आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत थकव्याने पाऊल आखूड होऊ लागले की तो सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

या शर्यतीकडे पी. टी. उषा वळल्या त्या १०० आणि २०० मीटरच्या धावपटू म्हणून. १९६४ मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात जन्मलेल्या उषा १९७६ मध्ये कन्नूरच्या क्रीडा वसतिगृहात दाखल झाल्या आणि तेथे ओ. एम. नाम्बियार या प्रशिक्षकांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्या धावल्या, तर १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत १०० व २०० मीटरमध्ये त्यांनी रौप्यपदके मिळवली. पुढच्याच वर्षी कुवेतच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून एक पूर्ण फेरीही आपल्या आवाक्यात असल्याचे त्यांनी दाखवले.

१९८४ च्या ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांनी टाकलेल्या बहिष्कारामुळे, ५३.५८ सेकंदांचा नवा विश्वविक्रम नोंदवणाऱ्या सोव्हिएत धावपटू मार्गारिता पोनोमार्योवा लॉस एंजेलिसला आल्या नाहीत. उपांत्य फेरीत ५५.५४ सेकंद नोंदवून उषा अंतिम शर्यतीत पोहोचल्या. तेथे मोरोक्कोच्या नवल अल मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिल्या आल्या, अमेरिकेच्या ज्युडी ब्राउन दुसऱ्या. रुमानियाच्या क्रिस्तिआना कोजोकारू यांना ५५.४१, तर उषा यांना ५५.४२ सेकंद लागले. अंतिम रेषेवरचा क्रम पायांवरून नव्हे तर धडावरून, म्हणजे छाती रेषेला केव्हा पोहोचली यावरून, छायाचित्राच्या आधारे ठरतो. उषा यांच्या त्या शर्यतीतील सरासरी वेगाने एकशतांश सेकंदात जेमतेम सात सेंटिमीटर अंतर कापले जाते. या स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवणे हे असाधारण यशच होते, पण भारतीय स्मृतीत ते हुकलेले कांस्यपदक म्हणूनच रुजले. ५५.४२ सेकंदांचा तो राष्ट्रीय विक्रम पुढे जवळजवळ चार दशके टिकला आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे विद्या रामराज यांनी त्याची बरोबरी केली, ही गोष्ट त्या मानाने फारच कमी सांगितली जाते.

उषा यांच्या कारकिर्दीचे खरे मोजमाप १९८५ च्या जाकार्ता आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत करावे लागते. तेथे १००, २०० व ४०० मीटर, ४०० मीटर अडथळे आणि ४ × ४०० मीटर रिले अशी पाच सुवर्णपदके आणि ४ × १०० मीटर रिलेचे कांस्यपदक त्यांनी एकाच स्पर्धेत मिळवले. रिले म्हणजे चार धावपटूंनी हातातील दांडी पुढे देत धावण्याची सांघिक शर्यत. शंभर मीटर हा स्फोटक प्रारंभाचा आणि निव्वळ वेगाचा खेळ आहे, तर चारशे मीटरच्या अखेरच्या टप्प्यात स्नायू जड झाल्यावरही गती राखावी लागते. म्हणून बहुतेक धावपटू यांपैकी एकाच टोकाची निवड करतात. प्राथमिक फेऱ्यांचा भार सोसून ही दोन्ही टोके आणि त्यांवर अडथळ्यांचे तंत्र एकाच धावपटूने मोजक्या दिवसांत पेलावे, याला भारतीय ॲथलेटिक्सच्या इतिहासात तोड नाही.

१९८६ च्या सोल आशियाई क्रीडास्पर्धेत २००, ४०० व ४०० मीटर अडथळे या तिन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या, ४ × ४०० मीटर रिलेतही सुवर्ण मिळवले आणि १०० मीटरमध्ये फिलिपिन्सच्या लिडिया दे वेगा यांच्यामागे त्या दुसऱ्या आल्या. त्या स्पर्धेत भारताला मिळालेल्या एकूण पाच सुवर्णपदकांपैकी उषा यांचा सहभाग नसलेले पदक एकच होते, ते कुस्तीगीर कर्तारसिंग यांचे.